शकुनबाईचा रंग

शकुनबाईच्या गालांवर जे निळसर काळं पसरलंय, ते जन्माचं नाही. पंचवीस वर्षं मी तिची शेजारीण आहे, म्हणून छातीठोकपणे सांगते. लग्न होऊन आली तेव्हा सावळी, तुकतुकीत होती. पण तिच्या नवऱ्याला, नंदलालला, चारचौघांत "आमची काळी" म्हणायची खोड. तो हसायचा, तीही हसायची. माझं मात्र डोकं फिरायचं.

मोहाडीच्या आठवडी बाजारात बांगडीवालीकडे गोरं व्हायची एक ट्यूब मिळायची. शकुनबाई ती तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवायची आणि तोंड धुतलं की चोळायची. पहिल्या वर्षी खरंच उजळली. नंदलालचं बोलणं थांबलं, ट्यूब काही सुटली नाही. सात-आठ वर्षांनी गालांच्या हाडांवर काळे डाग आले. मी म्हटलं, सोड आता. तर मलाच शिकवायला लागली, "धान रोवला का आठ दिवस पिवळाच दिसते ना? मंग जीव धरते. कातडीबी पलटून राहिली." धानाचं गणित तोंडाला लावलं बाईनं! डाग वाढला की आणखी चोळायची, वर बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, दिवसभर ऊन. शेवटी मीच तिला ओढत भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं. ट्यूब बंद झाली. "पण हा रंग आता बहुतेक जायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

गेल्या महिन्यात तिच्या हर्षाला बघायला सानगडीची माणसं आली. स्थळ चांगलं, हर्षालाही मुलगा मनापासून आवडलेला. मी चहा करायला गेले होते. मुलाची आई कुंताबाई शकुनबाईकडे टक लावून बघत होत्या. शेवटी विचारलंच, "हा रोग खानदानी त नाही ना जी?"

ट्यूबचं शकुनबाईनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. पोरीसाठी सांगितलं. "नाही जी, रोग नाही. मीच गोरं व्हायची क्रीम लावली, दहा वर्षं. त्यानं झालं." नंदलाल खाली बघत राहिला. मला रडू आवरेना.

कुंताबाईंची नजर हर्षाकडे वळली. हर्षा आजीवर गेलेली, जन्माचीच गोरी. त्या ट्यूबला तिनं कधी बोटही लावलं नाही.

"मंग हिचाबी रंग त्या क्रीमचाच असन," कुंताबाई म्हणाल्या. उठल्या, पदराचं टोक पाण्याच्या गिलासात बुडवलं आणि सगळ्यांसमोर हर्षाचा गाल घासू लागल्या.