दौलतभाऊंची वाळीत पडलेली मेल

कलावंताचा आवाज जातो, पण त्याची हाक मरत नाही, असे सत्कार-समारंभांत सांगतात. दौलतभाऊंच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले. आवाज गेला, हाक मेली नाही. ती स्पॅममध्ये जाऊन पडू लागली.

भाऊ वडशाच्या एका नाटक मंडळीचे प्रचारक. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला रात्रीचे नाटक हवेच. जीपवर भोंगा बांधून भाऊ गावात शिरले की म्हशीसुद्धा वाट सोडत. पुढे घशाचे ऑपरेशन झाले आणि त्या आवाजाच्या जागी कुजबुज उरली. तोरा मात्र तोच. टपरीवर चहा मागतानाही ते टपरीवाल्याच्या कानाशी जाऊन म्हणत, "रसिकहो, साखर कमी!"

मंडळीची वेबसाइट मी सांभाळत असे. तिच्यावरून गावांना मेल पाठवायचे काम मालकांनी भाऊंना दिले ते दयेपोटी. भाऊंनी ते बढती म्हणून घेतले. "मास्तर, हा बिनआवाजाचा भोंगा हाय," ते मला म्हणाले. "डिझेल नाई लागत, अन् कुत्रे मांगं नाई लागत."

चौकातला पुकारा तीनदा करायचा असतो. पहिल्याने माणूस मान वर करतो, दुसऱ्याने कान देतो, तिसऱ्याने ऐकतो, हे भाऊंचे शास्त्र. त्यामुळे ते प्रत्येक मेलही तीनदा पाठवत. विषयाच्या जागी लिहीत, "या! या! या! संधी दवडाल तर पस्तावाल!" नाटकाची जाहिरात असो की तालमीची वेळ, विषय तोच. एका वाद्यवाल्याला त्याचा हिशेब मिटल्याचेही त्यांनी याच मथळ्याखाली कळवले होते.

मग मार्कंड्याच्या देवळापलीकडच्या एका मोठ्या गावाने मंडईची तारीख देऊ केली. समितीची अट एकच: सोमवारपर्यंत होकार मेलने यावा, नाहीतर तारीख दुसऱ्या मंडळीला. भाऊंनी होकार तीनदा धाडला. तिन्ही मेल परत आल्या. मालक म्हणाले, "भाऊ, जमत नसन तं सांगा. हे काम दुसऱ्या कोणाले देऊ." हे काम गेले तर द्यायला मालकांकडे दुसरे काम नव्हते, हे भाऊंना ठाऊक होते.

मी शोध घेतला. ज्या पत्त्यांवरून नको असलेल्या मेलचा मारा होतो, त्यांची एक काळी यादी ठेवलेली असते. ती पाहून बाकीच्यांचे मेल-सर्व्हर दार लावून घेतात. त्या यादीत आमची मंडळी होती.

"म्हणजे वाळीत टाकलं आपल्याले," भाऊ म्हणाले.

"तसंच समजा."

"पंच कोण हायेत?"

"पंच नाहीत, भाऊ. यंत्र आहे."

"यंत्राले कोणी सांगतलं असन ना? आपल्यावर जळणारे कमी हायेत का?"

"तुम्हीच सांगितलंत. एकच गोष्ट तीन-तीनदा."

भाऊ दुखावले. "चाळीस वर्सं तीनदा सांगतलं, तवा कोणी वाळीत नाई टाकलं." मग त्यांनी मुद्द्याचा प्रश्न केला, "परत घेतात का? जेवण कोणाले द्या लागते?"

जेवण लागत नाही, विनंती लिहावी लागते, हे मी सांगितले तेव्हा त्यांचा त्या यादीवरचा विश्वास आणखी कमी झाला. पंचांना जेवण न घालता झालेला निवाडा त्यांनी कधी पाहिला नव्हता. तरी त्यांनी विनंती सांगायला घेतली. मंडळीची परंपरा, स्वतःचे ऑपरेशन, आणि शेवटी पंचांना सहकुटुंब नाटकाचे आमंत्रण, पुढच्या रांगेत. मी तेवढे सगळे गाळून इंग्रजीत एक वाक्य लिहिले, की यापुढे मेल एकदाच पाठवू.

रविवारी यादीतून नाव निघाले. भाऊंनी टपरीवर पेढे वाटले. मग संगणकासमोर बसून विषयाच्या जागी नुसते "होकार" लिहिले. मेल गेली आणि परत आली नाही. त्यांचे बोट पुन्हा बटणाकडे सरकले. मी हात धरला. "एका हाकेत कोण ऐकते जी?" ते कळवळून म्हणाले.

सोमवार उजाडला तरी उत्तर नव्हते. भाऊंनी धोतर बदलले आणि मला घेऊन पहिली एसटी धरली. समितीचे अध्यक्ष खळ्यावर धानाच्या राशीशी उभे होते.

"भाऊ! एवढ्या दूर काऊन आले जी?"

"मेल भेटली का?" भाऊंनी कुजबुजत विचारले.

"कोणती मेल?"

मी समितीचा पत्ता वाचून दाखवला. अध्यक्ष हसले. "तो मागच्या सचिवानं काढला होता. तो गेला हैदराबादले. पासवर्ड त्यालेच मालूम."

"मग मेल धाडा म्हणून कशाला सांगता?" मी चिडून विचारले.

"आता सगळेच तसं सांगतात ना जी." त्यांनी भाऊंसाठी बाज झटकली. "दुसरी मंडळी बी विचारत होती म्हनतात, पण आलं कोणीच नाई. तुमी आले. तारीख तुमची."

परतीच्या एसटीत भाऊंनी तिकिटे घडी करून खिशात ठेवली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वाचली नाई तं नाई, मास्तर. पोचली ना? वाळीतल्या माणसाची पोचत नसते."

भाऊ गेल्या उन्हाळ्यात गेले. मंडळीवरचा कलंक धुऊन ती तारीख आपण मिळवली, असे ते शेवटपर्यंत सांगत, आणि माझ्याकडे बघून सांगत. मालकांनी श्रद्धांजलीचा मोठा फलक लावला, 'झाडीपट्टीला डिजिटल युगात नेणारा महानायक'. समितीला तो पासवर्ड अजून सापडलेला नाही.