रघुकाकांची आगाऊ पाहणी

सर्व सगेसोयरे, व्याही-विहिणी आणि हितचिंतकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मला आठवतं तेव्हापासून आमच्या कुटुंबातली एकही व्यक्ती कोणत्याही लग्नाला, मुंजीला, परीक्षेला किंवा ऑपरेशनला उशिरा पोहोचलेली नाही. डोंबिवलीत राहून हे साधणं म्हणजे काय, ते डोंबिवलीकरांनाच ठाऊक. या विक्रमाचं सगळं श्रेय माझे काका, निवृत्त नायब सुभेदार रघुनाथ, यांना. आणि सगळा मनस्ताप काकूला.

काका लष्करात पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. पूल बांधण्याआधी एक माणूस पुढे जाऊन नदी बघून येतो. पाणी किती, काठ भुसभुशीत की कडक, ट्रक कुठून उतरणार. बरीच वर्षं तो माणूस म्हणजे आमचे काका. निवृत्त होऊन डोंबिवलीतल्या कोपरला घर घेतल्यावर नद्या संपल्या, तेव्हा ते मंगल कार्यालयं बघू लागले.

कुठेही जायचं असलं की आदल्या दिवशी, बरोबर त्याच वेळेला, काका एकटे तिथे जाऊन येत. मग वहीच्या पानावर नकाशा काढत. उत्तर दिशेला बाण, रिक्षा कुठे मिळते, गटारावरची कुठली फरशी हलते, पाणी कुठलं प्यावं. माझ्या दहावीच्या केंद्राच्या नकाशात एका वळणावर त्यांनी लिहिलं होतं : ‘कुत्रा, पिवळा. भुंकतो. चावत नाही.’ दुसऱ्या दिवशी त्या वळणावर कुत्रा होता, पिवळा होता, भुंकला आणि चावला नाही. इतिहासाच्या पेपरात मी काय लिहिलं ते आठवत नाही, पण त्या कुत्र्यावरून जगावर माझा विश्वास बसला.

“आधी नदी बघायची, नीलू,” ते म्हणायचे, “मग शूरपणा.”

माझ्या लग्नाचं जमत होतं तेव्हा मुलगा ठाण्याच्या खोपटचा. एसटी डेपोच्या मागची इमारत, तिसरा मजला. आम्ही पोहे खायला जाणार त्याच्या आदल्या दिवशी काका जाऊन आले. समोरच्या टपरीवर दोन चहा घेऊन त्यांनी सगळं टिपलं आणि रात्रीच्या जेवणाला अहवाल सादर केला.

“जिना अरुंद, उजेड कमी. सासू खाली येऊन भाजीवाल्याशी घासाघीस करते, पण शेवटी हसते. मुलगा संध्याकाळी सहा चाळीसला आला. शेजारच्या म्हाताऱ्याची पिशवी वर नेली. कोणी बघत नव्हतं.”

“तुम्ही बघत होतात की,” काकू म्हणाली.

“मी गणतीत नाही. नीलू, पुढे सरकायला हरकत नाही.”

मी पुढे सरकले. अजून तिथेच आहे. जिन्यात उजेड अजून कमीच आहे.

एकदा मात्र काका पकडले गेले. चुलतबहिणीच्या लग्नाचं कार्यालय कल्याणला होतं. आदल्या दिवशी तिथे दुसऱ्याच कोणाचं लग्न चाललेलं. काका पावलं मोजत मोजत थेट वधूपक्षाच्या खोलीपर्यंत गेले. वॉचमनने दंड धरला.

“ओ, काय करताय इथे?”

काका सावधान उभे राहिले आणि खणखणीत आवाजात खरं बोलले. “रेकी.”

रेकी चोर करतात, हे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. अर्धी वरात जमली. शेवटी माझे बाबा जाऊन त्यांना सोडवून घेऊन आले. येताना काकांच्या एका हातात नकाशा होता आणि दुसऱ्या हातात त्या लग्नातल्या जिलब्यांचा पुडा.

आम्ही यावर पोट धरधरून हसायचो. फक्त काकू हसायची नाही. एकदा ती आणि मी मेथी निवडत बसलो होतो तेव्हा मी विचारलं, “अगं, काकांना हे वेड लागलं कधी?” काकू काड्या बाजूला करत म्हणाली, “तुझे आजोबा गेले तेव्हा.”

काका तेव्हा दूर डोंगरात तैनात होते. मागे घरच्यांनी कोकणातलं बिऱ्हाड कल्याणला हलवलेलं, त्यामुळे काकांनी कल्याण धड बघितलेलंही नव्हतं. आजोबांचं जास्त झाल्याची तार मिळाली आणि ते निघाले. अडीच दिवसांनी ट्रंक खांद्यावर घेऊन दारात पोहोचले तर घराला कुलूप. कोणीतरी स्मशानाची दिशा दाखवली, ती चुकीची निघाली. गल्ल्यांतून धावत योग्य जागी पोहोचले तेव्हा माणसं नळावर पाय धूत होती.

“थोरला मुलगा, पण अग्नी तुझ्या बाबांनी दिला. कधी बोलले नाहीत,” काकू म्हणाली. “पण तेव्हापासून आधी जाऊन येतात.”

हातातली जुडी तिने माझ्यापुढे धरली. “आणि हल्ली मेथी आणायला दुपारचे जातात नि दोन तास लावतात. ही बघ, पार माना टाकलेली! कुठे होतात विचारलं तर म्हणतात, बाजारात. कोणाशी गप्पा छाटत बसतात देव जाणे.”

त्यानंतर वर्षभराने, मार्चमधल्या एका सकाळी, चहा पिऊन झाल्यावर काका आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता गेले. पेपर हातातच होता. इतकी गुपचूप हालचाल त्यांनी आयुष्यात दुसरी केली नसेल.

त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिंद जळगावला नोकरीला. मिळेल त्या गाडीने तो निघाला, पण कल्याणला पोहोचायला तीन वाजून जाणार होते. जमलेल्या वडीलधाऱ्यांनी निवाडा दिला : उन्हाळा आहे, चारच्या पुढे थांबायचं नाही. पुतण्या आहे, तो देईल अग्नी.

काकू नुसती माझा हात घट्ट धरून बसली. तिच्या मनात काय चाललं होतं ते त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं.

मग ती म्हणाली, “यांची टोपी काढ ट्रंकेतून.” काळी ट्रंक उघडली. टोपीवर एक पाकीट होतं. ‘मिलिंदसाठी. कल्याण स्टेशनपासून.’ आत नकाशा. उत्तरेला बाण.

‘कल्याणला रिक्षा करू नये, पुलावर अडकते. लोकलने डोंबिवली. पश्चिमेला उतरावे. रिक्षावाल्याला स्मशान सांगू नये, बिचारे कचरतात. शेजारच्या शाळेचे नाव सांगावे. घरी जाऊन वेळ घालवू नये, थेट यावे. सदतीस मिनिटे. धावण्याची गरज नाही.’

मी फोटो काढून मिलिंदला पाठवला. सव्वातीनला त्याचा फोन आला. “ताई, इथे सगळे म्हणतायत रिक्षा कर, पंधरा मिनिटांत सोडतो.”

“मिल्या, गाढवा, बाबांचं ऐक!”

काकू हट्टाने स्मशानात आली. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं : ‘हिला नळाजवळच्या बाकावर बसवावे. टेकायला आहे. तीननंतर सावली.’ बसवलं. सावली होती. चारला आठ मिनिटं कमी असताना फाटकातून मिलिंद आत आला. चालत.

तो काकांच्या पायाशी वाकला, तेव्हा तिथला लाकडं रचणारा माणूस काकांचा चेहरा निरखत पुढे आला. “अरे, हे काका? हे तर इथे यायचे की दुपारचे! भाजीची पिशवी त्या बाकावर ठेवायचे नि पावलं मोजायचे. मी विचारलं तर म्हणाले, पाहणी करतोय.”

भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. आणि सकाळपासून एक टिपूसही न काढलेली काकू बाकावरून मोठ्यांदा म्हणाली, “अगं नीलू, तरीच मेथी सुकलेली यायची!”