आमच्या आबांची ड्रायव्हरकी

आबा गेले, आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका साहेबांना ते अचानक घरातले वाटायला लागले.

आज सकाळी शाहूवाडीकडं आमच्या गावात आबांचा, माझ्या वडिलांचा, अंत्यविधी झाला. दुपारी फोन उघडला तर मैत्रिणींनी पाठवलेले स्क्रीनशॉट.

साहेबांची पोस्ट. फोटोत आबा वाकून त्यांच्या गाडीचं चाक धुतायत. वर लिहिलंय, "आमच्या परिवारातील सदस्य हरपला." खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मी कमेंट केली, "साहेब, हा फोटो काढा."

कमेंट उडवली. फोटो तसाच.

म्हणून इथं लिहिते. नाव घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आबा त्यांच्याकडं ड्रायव्हर म्हणून लागले तेव्हा मी शाळेत होते. साहेबांचं कपड्यांचं शोरूम, नवी कोरी मोठी गाडी, आणि ड्रायव्हर एकही टिकत नव्हता. "हल्ली चांगली माणसंच मिळत नाहीत," हे त्यांचं रडगाणं.

इंटरव्ह्यू पोर्चमध्ये झाला. लायसन बघितलं, गाडी चालवून घेतली. पसंत. मग विचारलं,

"आडनाव काय म्हणालास?"

आबांनी परत सांगितलं.

"म्हणजे... तुम्ही कोण?"

"बौद्ध हाय साहेब."

"नाही नाही, सहज विचारलं. आम्ही तसलं काही मानत नाही."

काही न मानणाऱ्यांनी त्याच दिवशी पोर्चच्या कठड्यावर आबांसाठी वेगळा स्टीलचा पेला ठेवला.

साहेबांच्या बायकोला आबा वहिनी म्हणायचे. वहिनींचे नियम होते.

गाडीत घरचं कुणी नसलं की एसी बंद.

थांबायचं तर गाडीच्या बाहेर, उन्हात. सीटला घामाचा वास लागतो.

हाक मारायची ती "ड्रायव्हर" अशी. नाव माहीत होतं की नाही, मला आजही शंका आहे. आजच्या पोस्टमध्येसुद्धा आडनाव चुकलंय!

आई चिडायची, "सोडा की ती नोकरी."

आबा हसायचे. "गाडी चांगली हाय गं. माणसांचं काय, ती मागं बसत्यात."

मला मात्र हसू यायचं नाही.

एकदा ही मंडळी बिद्रीकडं लग्नाला गेली होती. परत येताना भर दुपारी साहेबांच्या चिरंजीवांना गाडी चालवायची हुक्की आली. कॉलेजात होता, लायसनचा पत्ता नाही.

आबा म्हणाले, "नको दादा, रस्त्याला उसाच्या गाड्या हायत."

वहिनी म्हणाल्या, "चालवू दे की. गाडी कुणाची आहे?"

आबा गुमान शेजारी बसले.

पुढं एक म्हातारा सायकलवर वैरणीचा भारा घेऊन चालला होता. चिरंजीवांनी त्याला उडवलं.

भारा एकीकडं, म्हातारा एकीकडं. पायाचं हाड बाहेर आलेलं.

चिरंजीव स्टेअरिंग धरून रडत बसले. साहेब ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावत बसले. आबांनी म्हाताऱ्याला उचलून गाडीकडं आणलं, तर वहिनी दारात आडव्या.

"अहो, सीट कव्हर नवीन आहेत! एखादा टेम्पो थांबवा ना."

इतक्या वर्षांत आबा त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी ओरडले.

"उतरा खाली. सगळी!"

उतरली. भरजरी कपड्यांत, उसाच्या कडेला, उन्हात उभी राहिली. आणि म्हाताऱ्याला घेऊन गाडी दवाखान्याकडं गेली. एसी लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आमच्या भाड्याच्या खोलीवर आले. पहिल्यांदाच. आईनं चहा केला. वेगळा पेला ठेवणारा माणूस आमच्या कपातून निमूट चहा प्यायला. काम होतं ना.

"गाडी तू चालवत होतास, एवढंच सांगायचं. बाकी वकील बघतील. तू काय परका आहेस? घरातलाच तू."

साहेबांनी कप खाली ठेवला.

"पोरीची काळजी करू नको. तिला शोरूमला लावून घेतो. कायमची."

मी दारातच उभी होते. आबांनी माझ्याकडं बघितलं. घरात दुसरी कमाई नव्हती. मला वाटलं, आता हो म्हणतात.

"न्हाय जमायचं साहेब. मी चालवत न्हवतो, तर हुतो म्हणून कसं सांगू? म्हातारा जित्ता हाय. त्याच्या म्होरं कुठल्या तोंडानं उभारू?"

"विचार कर. कोल्हापुरात परत कुणी गाडी देणार नाही तुला."

"मग कोल्हापूरच्या भाईर चालवीन की."

आबांनी खरा जबाब दिला. म्हातारा वाचला, लंगडत का होईना चालायला लागला. चिरंजीवांवर केस झाली, पुढं ती कुठं विरली कुणास ठाऊक. आबांची नोकरी गेली ती गेलीच. वर साहेबांनी ओळखीत पसरवलं, डिझेल चोरायचा, पिऊन चालवायचा. आबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण राजारामपुरीत त्यांना कुणी दारात उभं केलं नाही.

आम्ही गावी आलो. घरचं थोडं भाताचं रान होतं ते केलं, आणि आबा मलकापूर ते कोल्हापूर वडापची, माणशी भाडं घेणारी जीप चालवायला लागले. कोंबून भरलेली, खडखडणारी. तिच्यात ते काय थाटात बसायचे! बाजाराला निघालेल्या बायका भांडायच्या, "मामा, मला पुढं घ्या की!" दवाखान्याचा पेशंट असला तर आबा बाकीच्यांना दाटीवाटीनं बसवून त्याला झोपायला जागा करायचे.

त्याच जीपवर मी नर्सिंग केलं. शेवटच्या आजारपणात त्यांची सलाईन मीच लावली.

ते आजारी आहेत हे साहेबांना कळलेलं होतं. एक फोन नाही. बरोबरच आहे. जिवंत ड्रायव्हर "न्हाय जमायचं" म्हणू शकतो. मेलेल्याचा फोटो गुमान राहतो.

आज सकाळी स्टँडवर एकही वडाप लागली नाही. सगळ्या जीपा आमच्या दारात होत्या. रोजचे पॅसेंजर त्यांतूनच आले, कामधंदा सोडून.

आबा, सावकाश जावा. आईकडं मी बघते.

जयभीम.