'कर्ज' या शब्दावर

गोरेगाव स्टेशनबाहेरच्या उडपी हॉटेलात तो मला एकदाच भेटला. ब्लॉगवाल्यांना पैसे देऊन त्यांच्या लेखांत जाहिरातीच्या लिंका घुसवणं हा त्याचा धंदा. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलताबोलता त्याच शर्टाच्या टोकाने मोबाईलची काच पुसायची सवय.

वडिलांच्या शेवटच्या आजारावर मी लिहिलेला लेख त्याने उघडला. अंगठ्याने भराभर खाली सरकत गेला आणि एका ठिकाणी थांबला.

"हे बघा, 'कर्ज'. झकास बसलाय शब्द. याच्यावर आमच्या लोनवाल्यांची लिंक टाकायची. लोक बोट लावतील, त्यांची साइट उघडेल. लेखाला धक्का नाही आणि तुम्हाला पैसे."

"लेख वाचलात का तुम्ही?"

"वाचतंय कोण, सर? सर्चच्या मशीनला शब्द पुरतो."

माझं डोकंच फिरलं. "बाप मेलाय माझा त्या लेखात. तो विकायला नाही ठेवलेला."

तो चिडला नाही. काच पुन्हा पुसली. "आई गेली तेव्हा मीपण लिहिलेलं," म्हणाला. "वर्षभर फुकट ठेवलेलं. कुत्रंही फिरकलं नाही." आणि त्याने स्वतःचा लेख काढून मोबाईल माझ्या हातात दिला.

लेख सुंदर होता, हेवा वाटावा इतका. आई शेवटी पाणीही घेईना, तिथे मी अडखळलो. पुढच्याच ओळीत 'औषध' हा शब्द निळा होता. त्यावर माझं बोट लागलं, आणि आईच्या जागी केस वाढवणारं तेल उघडलं.

"बघितलंत?" तो म्हणाला. "तुम्हीपण लावलंत ना बोट!"