अळणावरची दळणाची शर्यत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. तुम्ही बसलाय म्हणून सांगतो.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे लोणच्याची बरणी उघडणं. जेवायला बसलो होतो, माझ्या बायकोला, पारूला, झाकण फिरेना. "घ्या हो. अळणावरात हरले तेव्हापासून माझे दंड गेलेत बघा," म्हणाली आणि हसली. मी झाकण फिरवलं, दोन फोडी वाढल्या. चार दिवसांनी ती गेली.

दंड गेले नव्हते हो. मला ठाऊक होतं — मला एकट्यालाच.

कसं सांगू? आधी अळणावर सांगतो. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी हुबळीत, गोकुळ रोडला कारखान्यात हमाल. शाळा दुसरीपर्यंत. बापाचा धंदा जाती टाकवायचा — दळून दळून दगड गुळगुळीत होतो, तो छिन्नीनं ठोकून परत खरखरीत करायचा. ते मलाही येतं. दरवर्षी उन्हाळ्यात जत्रेला आम्ही रेल्वेनं अळणावरला जायचो, पारूच्या मावसबहिणीकडं, गंगव्वाकडं. काय मजा! सकाळी रानात भटकायचं, ओढ्यात डुंबायचं, दुपारी बैलांच्या शर्यती, संध्याकाळी सोंगं. रानात पारू कायम पुढं. मी धापा टाकत मागं — "थांब की ग!" — तर ती चढावरून मला करवंदं फेकून मारायची.

त्या वर्षी पंचांनी बायकांची दळायची शर्यत ठेवली. गाणं म्हणत शेरभर जोंधळे दळायचे. पहिली येईल तिला आठ दिवस बेंगळूरला नेणार, तिथल्या मेळ्यात दळून-गाऊन दाखवायला. पारूच पहिली येणार, यात शंका कुणाला? मराठी म्हणा, कानडी म्हणा, तिच्याकडं गाण्यांची खाणच होती. बाया आधीच विचारायला लागल्या, "अक्का, बेंगळूरहून आम्हाला काय आणणार?" आणि मला, "अण्णा, तुम्ही आठ दिवस काय खाणार? दगड?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण आतून जळलो. भाकरी कोण थापणार, हे एक. आणि मी जन्मभर ओझी उचलली, मला कुणी मानानं धारवाडपर्यंत तरी नेलं का? — हे दुसरं. हेच खरं.

चार जाती होती, गंगव्वाच्या दारासमोरच्या देवळापुढं मांडलेली. टाकवायचं काम माझ्याकडंच. तीन नीट टाकवली. चौथं पारूचं, खुंट्याला तिनं लाल चिंधी बांधलेलं. त्यावर मी नुसते ठोके वाजवले. कडेला, दिसेल तेवढं खोल; आत वरवर. आवाज तोच येतो, कुणाला काय कळतंय? ती शेजारीच गुणगुणत बसली होती. मधेच उठून मला पाणी दिलं. मी प्यालो.

शर्यतीत तिचं गाणं सगळ्यांत गोड. पण पिठाऐवजी कण्या पडायला लागल्या. तिनं जोर लावला, घामानं भिजली, शेवटी गाणं तुटलं. गंगव्वाची सून पहिली, पारू शेवटची. दगडावर संशय? ती कसा घेईल? दगड नवऱ्यानं टाकवलेला! दंड दाबत उठली, म्हणाली, "म्हातारी झाले की ग गंगव्वा." चाळिशीही उलटली नव्हती.

पुढं तिनं जात्याला हात लावला नाही. पीठ गिरणीतून यायला लागलं. गाणीही गेली — जात्यावर बसल्याशिवाय तिला ती सुचायचीच नाहीत. मी एक शब्द बोललो असतो तर? नाही बोललो.

आणि शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं, तेही ऐका. सगळ्यांच्या आधी उठून देवळापुढं गेलो. पारूचं जातं उघडलं आणि आतपर्यंत चांगलं खोल टाकवलं. कुणी हात फिरवून बघितलं तर सापडायला नको म्हणून. ठोके ऐकून गंगव्वा चहा घेऊन आली.

"अण्णा, शर्यत संपली की! आता कशाला?"

"काम अर्धं ठेवायची सवय नाही आपल्याला," मी म्हणालो.

तिनं पारूला हाक मारली. "बघ ग, तुझा नवरा किती कामाचा!" पारू दारात उभी राहून कौतुकानं माझ्याकडं बघत राहिली.

मी चहा प्यालो.