दाजींची सुई

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, आमच्या दाजींना, मी न उकळलेली सुई टोचत होतो, चूक माझीच. स्पिरिटचा वास आला की ते सगळं पुन्हा समोर येतं. सत्तरच्या दशकात मी शिरूरला एका दवाखान्यात कंपाउंडर होतो, दाजी दौंडला रेल्वेत फायरमन. पाठदुखीसाठी घेतलेल्या गुंगीच्या इंजेक्शनची त्यांना चटक लागली होती. सुट्टीला शिरूरला येऊन ते हसत म्हणायचे, “बायकोच्या भावानंच न्हाई म्हणावं व्हय?” मग डॉक्टर जेवायला गेले की मी काचेची सिरिंज घाईघाईत नुसती नळाखाली धरायचो आणि त्यांच्या शिरेत औषध सोडायचो. पुढे त्यांना थंडी वाजून ताप येऊ लागला, तेव्हा हिवताप समजून मी गोळ्या दिल्या. अखेर दौंडच्या डॉक्टरांनी दाजींच्या छातीला नळी लावून ठोके ऐकले आणि डॉक्टरांचा चेहराच उतरला. “घाणेरड्या सुईतून जंतू रक्तात गेलेत. हृदयाची झडप सडलीय. कोण टोचतं यांना?” “घाणेरडी कशी आसंल?” माझी बहीण अक्का उसळली. “माझा भाऊच टोचतो. उकळल्याबिगर सुईला हात लावत न्हाई त्यो.” मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषध आणायला बाहेर पडलो. दाजी त्याच आठवड्यात गेले. परवा, इतक्या वर्षांनी, राहूला, अक्काच्या गावी जाऊन मी तिचे पाय धरले आणि म्हणालो, “अक्का, सुई मी कधीच उकळली न्हाई. मला माफ कर.”