फडक्यातले मोड

हाजराबीला राग आला की ती भांडी आपटत नसे, बोलणंच बंद करी. नवरा जलालुद्दीन पिंजारी. दिवसभर घरात कापूस पिंजायच्या धनुकलीची तात टणटणत असे, पण हाजराबी गप्प झाली की त्याला ती शांतताच जास्त ऐकू येई.

जवळा बाजार गावच्या त्या भागात उन्हाळ्यात परसात काही टिकत नाही. घेवडा फुलतो आणि झळांनी फूल गळून पडतं. हाजराबीची चवळी मात्र ऐन वैशाखात शेंगांनी लगडे. बी तिच्या आईचं, कळमनुरीचं. नमाजाआधी हातपाय धुतलेलं वजूचं सांडपाणी तिनं चर खणून वाफ्यात नेलं होतं. मावळतीच्या बाजूला तुराट्यांचा आडोसा. बी राखेत घोळून भोपळ्याच्या तुंब्यात ठेवी आणि तुंबा कधी पुरता रिता करत नसे. पेरलेलं करपलं तर पुन्हा पेरायला मूठभर मागं राहिलंच पाहिजे, ही आईची रीत.

निजामाच्या अखेरच्या वर्षांतला एक फाल्गुन. बहिणीचं बाळंतपण उरकून हाजराबी कळमनुरीहून परतली, वाफे उकरले आणि तुंब्यात हात घातला. बोटांना नुसती राख लागली.

"बी कुठाय?"

जलालुद्दीननं पिंजण थांबवली. "जाहेदा आली होती. माझ्या बहिणीला रिकाम्या हातानं कसं धाडू? दुसरं काय होतं घरात?"

"समदं दिलं?"

"घरातलंच दिलं. चोरी केली का?"

"वाफा खुरपताना मी एकली होते. तवा कुठं होतं तुमचं घर?"

त्यानंतर ती बोलली नाही. तांब्या उचलला, डोक्यावर पदर ओढला आणि भर उन्हात नणंदेच्या गावाची वाट धरली. एवढी वर्षं घातलेलं शेणखत, आईच्या हातचं वाण, आणि देऊन टाकताना यांना एक शब्द विचारावासा वाटला नाही! वाटेतल्या ढेकळांवर तिचे पाय राग काढत होते.

जाहेदा दारातच भेटली. "या भाभी! बराबर आलात. उद्या तुमच्याच चवळीची उसळ. पर एवढी राख काहून लावता हो? धुऊन धुऊन हात गळाले माझे."

हाजराबीनं आत पाहिलं. खुंटीला ओल्या फडक्याचं गाठोडं टांगलेलं, त्यातून थेंब गळत होते.

"समदी भिजवलीस?"

"समदीच. भाई म्हनला, घे, उसळ कर."

हाजराबीनं गाठोडं काढून ओसरीवर सोडलं. दाण्यादाण्याला पांढरा, कोवळा मोड फुटला होता. ती तिथंच बसली आणि एकेक दाणा निवडू लागली.

"अहो भाभी, दिलेली भाजी कुनी परत नेतं का? गाव हसंल."

"हसू दे. ही भाजी न्हाई, हे बी हाय. तुला ठावं नव्हतं, तुझ्या भाईलाबी न्हाई. त्येला विचारता आलं असतं."

जाहेदानं पदर खोचला. मग खाली बसून तीही निवडू लागली. घाईत तिच्या बोटांनी दोन मोड मोडले.

"हळू गं! शेंडा तुटला की गेला."

गाठोड्यात दबून मोड तुटलेल्या दाण्यांची रास हाजराबीनं सुपात सारली. "ह्याची कर उसळ. मीठ बेतानं घाल, मागच्या खेपेला खारट झाली होती."

चांगले दाणे ओल्या फडक्यात बांधून ती निघाली. फडकं सुकू लागलं की तांब्यातलं पाणी शिंपडी. स्वतः मात्र एक घोट प्यायली नाही. घरी पोचली तेव्हा सूर्य तुराट्यांआड उतरला होता. तिनं वाफे भिजवले, काडीनं भोकं पाडली आणि मोड खाली करून एकेक दाणा सोडू लागली.

जलालुद्दीन मागं येऊन उभा राहिला. केसांत, भुवयांवर कापूस.

"मी लावू थोडं?"

"हात न्हाई लावायचा."

"मग पाणी आणू?"

ती बराच वेळ मातीच सारखी करत राहिली.

"आना," ती म्हणाली. "आन् झाकायला एरंडाची पानं तोडून आना, उद्या ऊन लागंल."

तो पानं घेऊन आला तेव्हा मूठभर दाणे शिल्लक होते. मोड आलेलं बी राखेत ठेवता येत नाही, आणि वाफे तर भरले होते. आईची रीत या वर्षी मोडणार होती. वाफ्यातलं करपलंच तर एवढं तरी मागं राहावं म्हणून हाजराबीनं ते दाणे चुलीमागच्या फुटक्या मडक्यात लावले, वर ओली माती लोटली आणि मान न वळवता म्हणाली, "ह्याला कुनी शिवलं, तर मी कळमनुरीला जाईन आन् वापस येनार न्हाई."